चुड्याचा हिरवा

लग्नाला चार महिने झाले आणि अल्बम घरी आला. मखमली पेटी, पेटीवर दोघांची नावं सोनेरी अक्षरांत, आत १२ बाय ३६ इंचांची जाड पानं. दिवाणावर चार-पाच बायका दाटीवाटीने बसून पानं उलटत होत्या. नवरीची आई अंतरपाटाच्या पानावर थांबली आणि म्हणाली, "अगं, हिचा चुडा हिरवा होता ना?" सगळ्यांनी पान खिडकीकडे वळवून बघितलं. मनगटभर बांगड्या होत्या, पण रंग वाळलेल्या कढीपत्त्याचा. तोरणातली आंब्याची पानं तशीच, मांडवाच्या दाराशी बांधलेले केळीचे खांबही तसेच. फोटोग्राफरला फोन लागला. "काकू, तो टोन आहे. सध्या सगळ्यांना असाच लागतो." काकू म्हणाल्या, बरं, मग साधे असतील ते फोटो द्या, आम्ही दुसरीकडून करून घेतो. पलीकडून अगदी सहज उत्तर आलं, "रॉ डेटा नाही राहत आमच्याकडे. अल्बम गेला की डिस्क रिकामी करतो."

भांडण झालं नाही. फोटोग्राफर मुलगा कामसू, फोटो रेखीव, पैसेही वाजवी घेतलेले. तरी काकूंचा प्रश्न मनात अडकून राहिला, कारण लग्नाच्या फोटोग्राफीत निर्णायक ठरणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये घ्यायची (कॅमेऱ्याची कच्ची रॉ की तयार जेपेग) आणि किती दिवस ठेवायची, ही एक. तिच्यावर टेबलाशी बसून काय काय करायचं, ही दुसरी. दोन्ही ठरतात तेव्हा घरचं माणूस शेजारी नसतं. घरच्यांना विचारतात ते ड्रोन हवा का, कँडिडवाला वेगळा हवा का आणि अल्बम ग्लॉसी की मॅट एवढंच.

हिरवा गेला कसा, हे सांगणं सोपं आहे. लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ रंग वेगवेगळे हलवता येतात आणि प्रत्येकाला तीन स्लायडर असतात: ह्यू (रंगाची छटा), सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि ल्युमिनन्स (उजळपणा). 'मूडी' किंवा 'रस्टिक' अशा नावांनी जे प्रीसेट, म्हणजे स्लायडरांच्या आयत्या सेटिंग्ज, विकत किंवा फुकट मिळतात, त्यातल्या बऱ्याचशांत हिरव्याचा ह्यू पिवळ्याकडे ढकललेला असतो, सॅच्युरेशन उणे पन्नास-साठच्या घरात आणि ल्युमिनन्स खाली. पिवळाही थोडा नारिंगीकडे सरकवलेला. ज्या लग्नांसाठी हे प्रीसेट बसवले गेले, तिथे नवरी पांढऱ्या झग्यात असते आणि हिरवं म्हणजे तिच्या मागचं गवत नि झाडी. झाडी मंद केली की झगा उठून दिसतो. तिथल्या हिशोबाने हे अगदी बरोबर आहे. आपल्याकडे मात्र हिरवा रंग मागे उभा नसतो, तो नवरीच्या मनगटावर असतो. बरं, ही चूक दुरुस्त करायला एक मिनिटही लागत नाही. प्रीसेट लावावा, मग हिरव्याचा ह्यू आणि सॅच्युरेशन शून्यावर आणावं. झाडी मंदच हवी असेल तर हातांवर ब्रशने मास्क काढून तेवढ्यात हिरवा परत चढवावा. काचेच्या बांगडीवर प्रकाशाची एक बारीक पांढरी रेघ असते, ती जपली की बांगडी काचेची वाटते. चार हजार फोटोंवर एकदम प्रीसेट 'सिंक' करण्याच्या घाईत हे एक मिनिट मिळत नाही, एवढीच गोष्ट.

खरं तर मराठी लग्नात रंग तपासायची सोय आयतीच केलेली असते. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा, अंतरपाटाचा पांढरा, मंगळसूत्राच्या मण्यांचा काळा. बाजारात रंगांच्या चौकोनांचं कार्ड मिळतं, ते कॅमेऱ्यासमोर धरून रंग जुळवतात. इथे तेच सगळं दोन माणसांच्या अंगावर मांडून ठेवलेलं आहे. हे पाच रंग कुठल्याही घरातल्या कुठल्याही आजीला पाठ असतात. एडिट केलेल्या फोटोत यातला एखादा हरवला तर ती बोट ठेवणार, आणि तिला 'टोन' समजावण्यात अर्थ नाही.

आता फाइलकडे. सेन्सरवरच्या प्रत्येक टिंबापुढे एकाच रंगाची काच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी या रचनेचं पेटंट १९७६ साली मिळवलं. निम्मी टिंबं हिरवी, पाव लाल आणि पाव निळी. रॉ फाइल म्हणजे या टिंबांनी मोजलेल्या उजेडाची जशीच्या तशी नोंद. १४ बिटची असेल तर एकेका टिंबाला १६,३८४ पायऱ्या. जेपेग करताना कॅमेरा स्वतःच रंग जुळवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, शार्प करतो, मग दर रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीच्या टाकून देतो. वर ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील दाबतो. हे काम तो इतकं छान करतो की नुसत्या डोळ्याला काही गेल्याचं कळत नाही. कळतं ते पुढे फाइल हलवायला घेतली की. नवऱ्याच्या काळ्या शेरवानीवर सावली पडलेली आहे, ती दोन स्टॉप उजळली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तर जेपेगमध्ये चौकोन वर येतात आणि काळ्यात जांभळट-हिरवट डाग दिसू लागतात. रॉमध्ये तिथे थोडी खरखर येते, ती डिनॉइझने आवरते.

रॉ आहे म्हणून अंधारात काढलं तरी चालेल, असा एक गैरसमज नवीन मुलांत फार आहे. १४ बिटच्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, सगळ्यात उजळ एका स्टॉपवर खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, असं अर्धं-अर्धं होत जातं. चार स्टॉप अंधारात काढलेला फोटो म्हणजे वरच्या सगळ्या पायऱ्या मोकळ्या सोडून तळाशी केलेली दाटी. तेव्हा उजेड जेवढा सोसेल तेवढा घ्यावा, फक्त जरीचे काठ आणि मुंडावळ्यांचे मोती जळू देऊ नयेत. वरच्या बाजूला रॉमध्ये साधारण एखादा, फार तर दीड स्टॉप परत मिळतो. तिन्ही रंग सेन्सरवरच भरून गेले असतील तर काहीच मिळत नाही. मोत्याच्या जागी पांढरं भोक उरतं.

हळदीचा कार्यक्रम ही या सगळ्याची कसोटी. हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणजे हळद लागलेल्या गालावर निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे फोटोतल्या निळ्याच्या नोंदीत, जवळजवळ काहीच नसतं. सेन्सरवर निळी टिंबं मुळात पावच. त्यात कार्यक्रम पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली, आणि हल्ली सगळ्यांनी पिवळेच कपडे घालायचे असतात. इतकं पिवळं बघून ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच ठेवण्याची कॅमेऱ्याची सोय) गोंधळतो. त्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो निळा मिसळतो, मग हळद लिंबासारखी फिकट हिरवट होते आणि कातडी राखाडी. पुढच्या फ्रेममध्ये कुणी पांढरा सदरा घालून आलं की तोच कॅमेरा मत बदलतो. जेपेगमध्ये शूट केलं असेल तर दर फोटोत वेगळी चूक मुरलेली असते, आणि तीनशे फोटो एकसारखे करताना डोळे फुटायची वेळ येते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणजे नुसती नोंद. एका फ्रेममध्ये ठरवलं, बाकीच्यांना सिंक केलं, झालं. तरीही केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने ठरवावा हेच बरं. मांडवाखाली एकदा रंग जुळवायचं राखाडी ग्रे कार्ड धरून फोटो घ्यावा आणि दुपार कलली की पुन्हा एकदा. धोतरावर किंवा सदऱ्यावर लाइटरूमचा पांढरा ठरवणारा ड्रॉपर टेकवायचा मोह टाळावा. पांढऱ्या कपड्यांना नीळ असते, साबणात चकाकी आणणारी रसायनं असतात. त्यांवर बेतलेला पांढरा सगळा फोटो पिवळट करून ठेवतो.

हळदीचं एडिटिंग करताना सॅच्युरेशन वाढवायचं नसतं, हे समजायला वेळ लागतो. पिवळा मुळातच एसआरजीबीच्या, म्हणजे नेहमीच्या पडद्यावर दाखवता येणाऱ्या रंगांच्या कक्षेच्या, कडेला टेकलेला असतो. आणखी ढकलला की त्यातला पोत जातो. बोटांचे ठसे, ओघळ, कानामागे सुकून तडकलेली हळद, सगळं मिळून एक सपाट पिवळा ठिपका होतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन दहाएक उणे आणि ल्युमिनन्स दहा-पंधरा उणे केलं, तर हळद हळदीसारखी दाट दिसते.

लाल शालूची अडचण वेगळी आहे आणि ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर लपते. पडद्यावर नेहमी दिसतो तो हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) एकूण उजळपणाचा असतो, आणि उजळपणाच्या गणितात लालचा वाटा हिरव्यापेक्षा बराच कमी धरतात. त्यामुळे आलेख मधोमध, सुरक्षित दिसतो, पण आत लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटून फुटलेला असतो. शालूच्या घड्या गायब होतात, बुट्टे लालात बुडतात. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवावा आणि लालसाठी अर्धा-पाऊण स्टॉप खाली यावं. आणखी एक गंमत: रॉ शूट करत असलात तरी हा आलेख आतल्या जेपेग प्रिव्ह्यूवरूनच काढलेला असतो. कॅमेऱ्यात 'व्हिव्हिड' लावून ठेवलं तर तो खोटं घाबरवतो. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवली की सत्याच्या बऱ्यापैकी जवळ जातो. पैठणीचा राणी रंग मात्र कितीही सांभाळला तरी छळतो, कारण त्याचा बराच भाग एसआरजीबीत मावतच नाही. काठावरच्या मोरांना पिसं दिसायला हवी असतील तर मजेंटा थोडा उतरवावा लागतो. घरची मंडळी म्हणतात, साडी याहून झगझगीत होती. बरोबरच म्हणतात.

आणि काही गोष्टी रॉच्याही हातात नसतात.

मंगल कार्यालयातला उजेड ही त्यातली पहिली. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर पूर्ण हेलकावे फोटोत बसतात. १/१६० किंवा १/२५० वर गेलात की एक फ्रेम पिवळट, दुसरी काळोखी, आणि सायलेंट शटर असेल तर फोटोभर आडवे पट्टे. हे पट्टे कुठल्याही स्लायडरने नीट जात नाहीत. आता अडचण अशी की हवेतली अक्षता थांबवायला निदान १/५०० लागतो. १/१०० वर तांदळाच्या पांढऱ्या रेघा येतात. 'सावधान'च्या क्षणी या दोन्ही मागण्या एकदम समोर येतात. जाणकार तिथे फ्लॅश वापरतो: शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या) खाली, फ्लॅशची ताकद १/८ च्या आसपास, कारण कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि जवळची अक्षता तोच गोठवतो. कार्यालयातले दिवे पिवळे असतील तर फ्लॅशपुढे नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावायची. नाही लावली तर नवरा-नवरी निळसर पांढरी आणि मागे उभे मामा नारिंगी. दोन वेगळ्या उजेडांना एक व्हाइट बॅलन्स पुरत नाही. मग माणूस-माणूस मास्क काढत बसा.

संगीताच्या रात्री डीजेवाल्याच्या निळ्या-जांभळ्या एलईडीपुढे तर रॉसुद्धा हात टेकते. निव्वळ निळ्या एलईडीच्या उजेडात लाल-पिवळ्या लांबीच्या लहरीच नसतात. त्या कातडीवरून परत आल्याच नाहीत, तर सेन्सर नोंदवणार काय? असा फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करावा, तोही निळा चॅनल थोडा खाली घेऊन.

इतकं सगळं वाचून वाटेल की सगळं लग्न रॉमध्येच करावं. मला तसं वाटत नाही. २४ मेगापिक्सेलची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ साधारण ३० एमबी, तोच फोटो चांगल्या जेपेगमध्ये १० च्या आसपास. दोन फोटोग्राफरांनी मिळून ४,००० क्लिक केले तर एकीकडे १२० जीबी, दुसरीकडे ४०. त्यातले दीड हजार तरी रिसेप्शनच्या स्टेजवरचे असतात. रांग पुढे सरकते, आहेर दिला, हात जोडले, क्लिक, पुढचे या. तिथे दोन छत्र्या, दोन फ्लॅश, जागा ठरलेली, उजेड तसूभर हलत नाही. एक टेस्ट शॉट घेऊन व्हाइट बॅलन्स बांधला की ते फोटो जेपेगमध्ये उत्तम येतात आणि त्याच रात्री एलईडी वॉलवर लावायला किंवा पाहुण्यांना द्यायला तयार असतात. त्यांचं रॉ करणं म्हणजे नुसती डिस्क भरणं. भीती एकच, स्टेज संपल्यावर कॅमेरा परत रॉवर न्यायचं राहतं आणि पाठवणी जेपेगमध्ये जाते. म्हणून कॅमेऱ्यात दोन कार्डं असतील तर पहिल्यावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग, ही सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. एखादं कार्ड मेलं तरी लग्न हाती राहतं. रॉचं मेलं तर जेपेगवर भागतं. फक्त दोन्ही लिहायची म्हणजे बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लवकर भरतं. जुन्या, मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यात सलग पंधरा-वीस रॉ झाल्या की शटर दाबलं तरी हलत नाही. अंतरपाट खाली यायच्या आधीच, शेवटच्या मंगलाष्टकाला, उत्साहाने बर्स्ट मारणारा नेमका तेव्हाच लाल दिव्याकडे बघत उभा राहतो. दोन-तीन, दोन-तीन असे तुकडे घ्यावेत, आणि अंतरपाट धरणाऱ्या भटजींच्या हातांकडे लक्ष ठेवावं; तो खाली जाण्याआधी त्यांची बोटं कापड सावरतात.

जागेचीच चिंता असेल तर कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांत सी-रॉ आहे, साध्या रॉपेक्षा सुमारे ४० टक्के लहान. लग्नाच्या कामात तिचा फरक दाखवून द्यायला मुद्दाम चार स्टॉप अंधारात फोटो काढावा लागेल.

एडिटिंगच्या टेबलाशी मात्र मला खरी चीड येते ती एका वाक्याची: "थोडी उजळ करा हो." हे घरचेच सांगतात, कधी नवरीसमोर. फोटोग्राफरही हुशार, न सांगताच करून ठेवतो. रीत एकदम सोपी आहे. भारतीय कातडीचा रंग लाइटरूमच्या नारिंगी पट्टीत पडतो; नारिंगीचं ल्युमिनन्स वीस-तीस वर घ्या, सॅच्युरेशन थोडं खाली, पाच सेकंदांत अख्खं वऱ्हाड गोरं. पण त्याच पट्टीत आणखी काय काय राहतं बघा. हळद निम्मी तिथेच असते. ठुशी, कोल्हापुरी साज, तोडे, पाटल्या, सगळं सोनं तिथेच. मेंदीचा रंगही तिथलाच. नवरी उजळली की सोनं पितळेसारखं फिकं होतं, मेंदी पुसट होते आणि हळद दुधात कालवल्यासारखी दिसते. मग दागिने उठावदार दिसत नाहीत म्हणून कॉन्ट्रास्ट चढवायचा, त्याने डोळ्यांखाली काळं येतं, ते घालवायला स्मूदिंग. स्मूदिंगचं प्लगइन बहुधा कातडीच्या रंगावरून जागा ओळखतं, त्यामुळे चेहऱ्यासाठी लावलेलं तळहातावरही चालतं आणि मेंदीतल्या बारीक जाळ्या धुवून काढतं. प्लगइन लावायचंच तर मास्कमधून हात वगळावेत, ताकद तीस टक्क्यांच्या आत ठेवावी आणि फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून गालावरची लव दिसते का ते बघावं. ती दिसेनाशी झाली की थांबावं.

हा आजार एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कोडॅकने लॅबना रंग जुळवायला जे 'शर्ली कार्ड' दिलं, त्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा होता. सगळ्या जगाचे प्रिंट तिच्या गालाशी जुळवले जात. आता कार्ड गेलं आणि ते काम प्रीसेट करतो. सावळा चेहरा नीट दाखवायला उजेड लागतो, पांढरेपणा नव्हे. चेहऱ्यावर मास्क काढून एक्स्पोजर ०.३ ते ०.६ वाढवावं, हायलाइट किंचित ओढावे म्हणजे कपाळावरची फ्लॅशची राखाडी चमक जाते, आणि नारिंगीचं सॅच्युरेशन अजिबात कमी करू नये. शेजारी आई उभी असेल तर दोघींचे चेहरे एकाच मास्कमध्ये घ्यावेत. लेक आईपेक्षा चार छटा गोरी करून ठेवलेले फॅमिली फोटो पाहिलेत ना? त्यातलं साम्य गेलेलं असतं, आणि अल्बम पाहणारा पहिला शब्द साम्याविषयीच काढणार असतो.

फोटो तयार झाला तरी त्याचा प्रवास अजून बराच असतो. लाइटरूममधून जेपेग निघतो, अल्बमच्या डिझायनरकडे जातो. बहुतेक वेळा डिझायनर दुसऱ्या गावातला. तो फोटोशॉपच्या पीएसडी टेम्प्लेटमध्ये फोटो बसवतो. १२ बाय ३६ चं एक पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचं होतं, म्हणजे पानभर पसरलेला फोटो २४ मेगापिक्सेलचा असला तरी ताणलाच जातो. तिथे तो स्वतःचा एक ॲक्शन (ठरलेल्या बदलांची मालिका) चालवतो, चमक वाढवतो, परत जेपेग. लॅबवाला आपल्या मशीनच्या सवयीप्रमाणे आणखी थोडं लाल घालतो. तीन हातांनी तीनदा 'सुधारलेला' फोटो छापला जातो आणि दर वेळी जेपेग नव्याने दाबली जाते. वाटेतच थांबवायचं तर न दाबलेली १६ बिट टिफ फाइल पाठवता येते, पण २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची टिफ १४४ एमबी. दोनशे फोटोंची कुणी पाठवत नाही, आणि गरजही नसते. उत्तम दर्जाची जेपेग, एसआरजीबी प्रोफाइल आत बसवलेलं आणि डिझायनरला एक ओळ, 'रंगाला हात लावू नये', एवढं पुरतं. ॲडोब आरजीबीत, म्हणजे एसआरजीबीहून मोठ्या रंगकक्षेत, दिलेली फाइल कुणाच्या तरी सॉफ्टवेअरने प्रोफाइल न वाचताच उघडली की सगळे रंग मरगळतात, आणि खापर प्रिंटरवर फुटतं. लॅबकडून आधी एक ८ बाय १२ ची टेस्ट प्रिंट मागवावी. त्यात चुडा, हळद आणि काळे मणी असलेला एक फोटो घालावा आणि ती दिवसाच्या उजेडात बघावी, दुकानातल्या ट्यूबखाली नव्हे. सिलेक्शनसाठी फोटो व्हॉट्सॲपवर आले असतील तर त्यांवरून रंगाचा निवाडा करू नये. ते लहान करून, पुन्हा दाबून आलेले असतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तरच फाइल मूळची राहते.

राहता राहिला काकूंचा दुसरा प्रश्न, मूळ फोटो मागायचा हक्क कुणाचा? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणारा. फोटोग्राफरांचं म्हणणं वेगळं असतं, आणि तेही खोटं नाही: रॉ दिली की कुणीतरी भलतंच एडिट करून त्यांच्या नावाने फिरवतं. शिवाय रॉ उघडून घरच्यांना दिसतो तो फिका, सपाट फोटो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलेला झकास होता तो आतला जेपेग प्रिव्ह्यू, हे कुणाला सांगणार? दुसरं म्हणजे एडिटिंग रॉच्या आत नसतंच. ते लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये असतं. नुसत्या रॉ कॉपी करून दिल्या तर महिनाभराचं काम मागेच राहतं. यावर उपाय डीएनजी. ॲडोबचा हा फॉरमॅट २००४ पासून आहे, मोफत कन्व्हर्टर मिळतो, आणि त्यात केलेले बदल फाइलच्या आतच लिहिता येतात. निवडक रॉ याच रूपात द्याव्यात.

सगळ्या चार हजार रॉ जन्मभर सांभाळा असं कुणाला म्हणता येणार नाही. वर्षाला तीस लग्नं, प्रत्येकी दीडशे जीबी धरले तर साडेचार टीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे नऊ. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू होतो, त्याआधी चातुर्मासात डिस्का रिकाम्या करणं हा धंद्याचा भाग आहे. पण चार हजारांतून विधींचे शंभर फोटो निवडून त्यांच्या डीएनजी ठेवल्या तर तीन जीबी होतात. हातातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतील इतक्या. त्या घरच्यांना द्याव्यात, सोबत एडिट केलेले सगळे फोटो पूर्ण आकाराच्या जेपेगमध्ये. जेपेगचं मानक १९९२ चं, आजही कुठल्याही फोनवर उघडतं. दर कंपनीच्या दर मॉडेलची रॉ आणखी तीस वर्षांनी कशात उघडेल, यावर पैज लावायला नको. पेनड्राइव्ह कपाटात ठेवून विसरू नये, वर्षानुवर्षं न वापरल्यास त्यातला डेटा उडू शकतो. एक प्रत हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर असावी.

आणि हे अल्बम हातात पडल्यावर मागायचं नसतं. ॲडव्हान्स देताना कोटेशनवर तीन ओळी लिहून घ्याव्यात: रॉ किती महिने ठेवणार, विधींच्या शंभर फोटोंच्या डीएनजी देणार का आणि त्याचे वेगळे किती, अल्बम छापण्याआधी टेस्ट प्रिंट दाखवणार का. अल्बम मंजूर झाल्यापासून सहा महिने रॉ ठेवायला बहुतेक जण तयार होतात. डीएनजीचे थोडे पैसे मागितले तर द्यावेत. निवडायला आणि कन्व्हर्ट करायला त्या मुलाची एक संध्याकाळ जाते.